वर्म की प्लॅनेटरी? वाया जाणारी वीजच बेल्ट धरून बसली होती

(ऐकण्यापेक्षा वाचायला आवडणाऱ्यांसाठी या भागाची ही लिखित प्रत. बोलतानाचं अडखळणं काढलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

तुम्ही आत्ता बसमध्ये असाल, जिममध्ये असाल, नाहीतर ऑफिसात हेडफोन लावून काम करतोय असं दाखवत असाल. पुढची पंधरा मिनिटं मला द्या.

आजचा विषय गिअरबॉक्स. थांबा, लगेच पुढचा एपिसोड लावू नका! मला माहितीये, आपण इथे जास्त करून ॲप्स, कोड, नोकऱ्या असल्या गोष्टी बोलतो. पण मी बीटेक केलं मेकॅनिकलमध्ये आणि नोकरी करतो सॉफ्टवेअरमध्ये. आपल्यातले निम्मे असेच आहेत. चार वर्षं शिकलेलं मशीन डिझाइन मी हिंजवडीच्या पहिल्या सहा महिन्यांत विसरलो. आणि मग एकदा ते विसरणं अंगाशी आलं. माझ्या नाही, दुसऱ्या कुणाच्या तरी अंगाशी येता येता राहिलं. म्हणून हा भाग.

मामाचा फोन

माझ्या मामाची कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत फाउंड्री आहे. कास्ट आयर्नचं कास्टिंग करतात. फाउंड्रीत वाळू सारखी फिरत असते. साचा बनवायचा, धातू ओतायचा, साचा फोडायचा आणि तीच वाळू परत वर हॉपरमध्ये न्यायची. ती वर नेतो एक चढता बेल्ट कन्व्हेयर. खाली खड्ड्यात त्याचं शेपूट, वर ड्रमला मोटर आणि गिअरबॉक्स.

मामाला नवीन ऑर्डर मिळाली होती आणि वाळू कमी पडायला लागली. बेल्टचा स्पीड दुप्पट पाहिजे. मला फोन. "तू इंजिनेर हाईस न्हवं? मग बघ की जरा ह्ये."

मी बघितलं. जुना गिअरबॉक्स वर्म, ४० ला १ रेशोचा. म्हणजे मोटर ४० वेळा फिरली की ड्रम एकदा फिरणार. आपल्याकडच्या चार पोलच्या मोटरला साधारण १४४० आरपीएम मिळतात, भागिले ४०, म्हणजे ड्रम मिनिटाला ३६ फेरे. दुप्पट पाहिजे तर रेशो निम्मा करा, २० ला १. त्याच फ्रेमचा, त्याच बोल्टच्या भोकांचा बॉक्स मिळतो. बाहेरून बघितलं तर जुना कुठला, नवा कुठला, नेमप्लेट वाचल्याशिवाय कळणार नाही. मोटर मोठी केली, बॉक्स बदलला, झालं.

वर मला एक आनंदाची गोष्ट सापडली. जुन्याची एफिशिअन्सी ७० टक्क्यांच्या आसपास आणि नव्याची ८०. म्हणजे स्पीडही वाढला आणि वीजही कमी वाया जाणार. मी मामाला एक्सेल शीट पाठवली, हिरवे सेल वगैरे करून. मामा खूष, मी खूष.

तिसऱ्या आठवड्यात, दुपारी, बेल्ट वाळूने भरलेला असताना लाइट गेली.

याआधीही लाइट जायचीच. बेल्ट जिथल्या तिथे थांबायचा. कुणी त्याबद्दल विचारही करत नव्हतं, कारण सगळ्यांना माहीत होतं, "वर्म हाय ते, मागं फिरत नसतंय." या वेळी बेल्ट क्षणभर थांबला आणि मग मागे सुटला. आधी हळू, मग वेगात. दोन-तीनशे किलो वाळू खालच्या खड्ड्यात जाऊन पडली.

त्या खड्ड्यात एक हेल्पर सांडलेली वाळू भरत होता. चहा आला म्हणून तो वर आला होता. त्याचं घमेलं आणि फावडं वाळूखाली गेलं. तो कपबशी हातात धरून खड्ड्याकडे बघत उभा होता आणि म्हणत होता, "मालक, मी आत्ताच वर आलोय."

त्या रात्री मामाचा फोन आला तेव्हा तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

घाट आणि हँडब्रेक

आता नेमकं झालं काय ते सांगतो. इथे थोडं इंजिनिअरिंग येईल, पण सोपं आहे.

वर्म म्हणजे एक स्क्रू. स्टीलचा, कडक केलेला. त्याला आडवं लागून एक दातेरी चाक, बहुतेक वेळा फॉस्फर ब्रॉन्झचं. स्क्रू फिरला की त्याचा आटा चाकाचे दात पुढे ढकलत नेतो. तुमच्या कुणाकडे गिटार असेल तर तिच्या डोक्यावरच्या खुंट्या बघा. तोच प्रकार आहे. तुम्ही खुंटी फिरवली की तार ताणली जाते, पण तार कितीही ओढली तरी खुंटी मागे फिरत नाही. यालाच सेल्फ-लॉकिंग म्हणतात.

हे कशामुळे होतं? आट्याच्या चढामुळे. घाटरस्ता डोळ्यांसमोर आणा. चढ अगदी हलका असेल तर गाडी न्यूट्रलला टाकून सोडली तरी जागेवर राहते, टायरचं घर्षणच तिला धरतं. चढ तीव्र असेल तर हँडब्रेक नसताना गाडी मागे येणारच. वर्मच्या आट्यालाही असा चढ असतो. त्याला लीड अँगल म्हणतात. तो घर्षणाच्या कोनापेक्षा कमी असेल तर भार स्क्रूला उलटा फिरवू शकत नाही. ढोबळमानाने ५ अंशांच्या खाली असेल तर वर्म उभ्या भाराला धरण्याची शक्यता बरी असते.

४० ला १ च्या बॉक्समध्ये साधारणपणे स्क्रूला एकच आटा असतो, चढ हलका. २० ला १ मध्ये बऱ्याचदा दोन आटे शेजारी-शेजारी चालतात. स्क्रूच्या एका फेऱ्यात चाक दोन दात पुढे जातं, म्हणजे चढ जवळजवळ दुप्पट. आणि चढ वाढला म्हणूनच घासाघीस कमी होते आणि एफिशिअन्सी वाढते.

माझ्या शीटमधला हिरवा सेल आठवतोय? ७० चे ८० झाले म्हणून मी खूष होतो. ज्या कारणाने ते वाढले त्याच कारणाने बेल्टची पकड सुटली होती. जे घर्षण मामाची वीज खात होतं, तेच लाइट गेल्यावर बेल्ट धरून बसायचं. मी वीज वाचवली आणि न सांगता ब्रेक काढून टाकला.

आणखी एक गंमत. खरं तर जुना बॉक्ससुद्धा भरवशाचा नव्हता. गणिताने पाहिलं तर जो वर्म खरोखर, चालू असतानाही सेल्फ-लॉकिंग असतो त्याची एफिशिअन्सी ५० टक्क्यांच्या आतच राहते. मग ७० टक्क्यांचा बॉक्स इतकी वर्षं कसा धरून राहिला? चालू असताना दातांमध्ये तेलाचा थर असतो, घर्षण कमी. थांबला की तो थर दाबला जातो, धातूला धातू लागतो, घर्षण वाढतं. म्हणजे तो थांबल्यावर धरत होता, तेही शेजारी काही हादरत नसेल तर. फाउंड्रीत शेजारी साचे फोडायचं शेकआउट मशीन! तिथे सगळंच हादरतं. इतकी वर्षं नशिबावर चाललं होतं.

तुमच्या बिल्डिंगमधली जुनी लिफ्ट आठवा. अनेक जुन्या लिफ्टच्या मशीनरूममध्ये वर्म गिअरच असतो. तरी तिथे वेगळा ब्रेक असतोच, लाइट गेली की स्प्रिंगने आपोआप लागणारा. लिफ्टवाल्यांनी वर्मवर कधी विश्वास टाकला नाही. आपणही टाकू नये.

प्लॅनेटरी म्हणजे पालखी

मग मी विचार केला, बदलायचंच आहे तर नीट तुलना करू. दुसरा उमेदवार प्लॅनेटरी.

यात मधोमध एक गिअर, त्याला सन म्हणतात. त्याच्याभोवती तीन किंवा चार प्लॅनेट गिअर फिरतात. आणि या सगळ्यांना वेढणारी एक मोठी रिंग, जिचे दात आतल्या बाजूला असतात. रिंग पक्की धरून ठेवायची, सनला मोटर जोडायची. प्लॅनेट ज्या कॅरियरवर बसलेत तो हळूहळू फिरतो, तेच आपलं आउटपुट. रेशो काढायचं सूत्र अगदी सोपं: रिंगचे दात भागिले सनचे दात, अधिक १. रिंगला ७२ आणि सनला १८ दात असतील तर ७२ भागिले १८ म्हणजे ४, अधिक १, रेशो ५. सनला २४ दात केले तर रेशो ४. हे दोन टप्पे एकामागे एक लावले की पाच चोक वीस.

तुम्ही कॉर्डलेस ड्रिल वापरला असेल तर त्याच्या नाकात हेच बसलंय. आपल्याकडे साखर कारखान्यांत ऊस पिळणाऱ्या मिलनाही आता मोठाले प्लॅनेटरी लागतात. आणि गिअर असलेल्या मोठ्या पवनचक्क्यांमध्ये पहिला टप्पा बहुतेक प्लॅनेटरीच असतो, फक्त तिथे उलटं काम, हळू फिरणाऱ्या पात्यांवरून जनरेटरला वेग द्यायचा.

हा छोटासा डबा एवढा जोर कसा पेलतो? पालखी बघा. एका खांद्यावर तिचा भार येत नाही, तो वाटला जातो. इथे एका वेळी तीन-चार गिअर भार वाहतात. म्हणून तेवढ्याच टॉर्कसाठी बॉक्स लहान होतो. पण पालखीत एक भोई उंच आणि एक बुटका असला तर काय होईल? सगळा भार एकावर. म्हणून प्लॅनेटरीत प्रत्येक गिअर अगदी मोजून-मापून, सारखा बनवावा लागतो. त्याची किंमत जास्त असते ती यासाठी.

आणि यात दात एकमेकांवर लोळत जातात, वर्मसारखे घासत नाहीत. त्यामुळे एका टप्प्याची एफिशिअन्सी साधारण ९७ टक्के, दोन टप्प्यांची ९४.

मामाचा हिशेब

आता आकडे. नव्या स्पीडला ड्रमवर ३ किलोवॅट लागतात असं धरू.

वर्म ८० टक्क्यांचा. मोटरने द्यायचे ३.७५ किलोवॅट. आपल्याकडची ५ एचपीची मोटर ३.७ ची असते. थोडक्यात हुकलं, आता पुढची साडेसात एचपीची घ्या. मी तीच घेतली होती.

प्लॅनेटरी ९४ टक्क्यांचा. मोटरने द्यायचे ३.१९. पाच एचपीत आरामात बसतं.

फरक साधारण ०.५६ किलोवॅट. दोन शिफ्ट, दिवसाला १६ तास, वर्षाला ३०० दिवस, म्हणजे ४८०० तास. गुणाकार केला तर वर्षाला २७०० युनिटच्या आसपास. हिशेबासाठी युनिटला ९ रुपये धरा, २४ हजारांवर रक्कम जाते. दरवर्षी. दोन बॉक्सच्या किमतीतला फरक किती वर्षांत फिटतो ते आपापल्या कोटेशनवर बघायचं.

आणि ही हरवलेली वीज जाते कुठे? उष्णतेत. वर्मच्या पोटात ७५० वॅट. म्हणजे कपड्यांची एक इस्त्री बॉक्सच्या आत दिवसभर चालू. प्लॅनेटरीत १९० वॅट. म्हणून वर्मला हात लावला तर चटका बसतो, ७०-८० अंश तापमान त्याला नवीन नाही. त्या उष्णतेत तेल पातळ होतं, सील कडक होतात. ब्रॉन्झचं चाक तर झिजतच असतं. फिटर लोक तेल काढून उन्हात धरतात. सोनेरी चमचम दिसली की चाक गेलंच समजायचं.

जाता जाता तेलाबद्दल एक सांगतो. वर्मला जाड तेल लागतं, व्हीजी ४६० किंवा ६८० असं कॅनवर लिहिलेलं असतं. दुसऱ्या गिअरचं उरलेलं तेल त्यात ओतू नका. काही ईपी तेलांतलं गंधक ब्रॉन्झला खातं. आणि पीएजी जातीचं सिंथेटिक तेल साध्या मिनरल तेलात कधीच मिसळायचं नाही.

मग वर्म भंगारात टाकायचा का?

अजिबात नाही. त्याच फाउंड्रीत हॉपरच्या खाली एक सरकता दरवाजा आहे. दिवसातून वीस वेळा उघड-बंद होतो, प्रत्येक वेळी पंधरा सेकंद. म्हणजे दिवसाला पाच मिनिटं, वर्षाला पंचवीस तास. तिथे निम्मी वीज वाया गेली तरी वर्षाचे दहा युनिटसुद्धा होणार नाहीत. तिथे प्लॅनेटरी लावणं म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात जायला एसटी बुक करणं.

शिवाय वर्मचे स्वतःचे गुण आहेत. एका टप्प्यात मोठा रेशो देतो. मोटर आणि शाफ्ट काटकोनात बसतात, त्यामुळे भिंतीलगत, मशीनच्या पोटाशी मावतो. आवाज कमी, धक्के बऱ्यापैकी सोसतो. आणि बिघडला तर एमआयडीसीतलाच फिटर दुपारपर्यंत नवं ब्रॉन्झचं चाक बसवून देतो. प्लॅनेटरी उघडायला मात्र जाणता माणूस आणि स्वच्छ जागा लागते. फाउंड्रीची धूळ आत गेली तर पालखीचे सगळे भोई एकदम लंगडतात.

प्लॅनेटरीची आणखी एक अडचण म्हणजे तो सरळ रेषेत असतो. मोटर, बॉक्स, शाफ्ट एकामागे एक, त्यामुळे लांब बाहेर येतो. काटकोन पाहिजे तर पुढे बेव्हलचा टप्पा जोडावा लागतो, किंमत वाढते. अशा ठिकाणी हेलिकल-बेव्हल नावाचा तिसरा पर्यायही बघा, काटकोनात असूनही त्याची एफिशिअन्सी ९० च्या बरीच वर असते. आणि जिथे नेमकेपणा लागतो, रोबोटचा हात, सर्वोवर फिरणारं टेबल, तिथे कमी बॅकलॅशचा प्लॅनेटरीच घेतात. बॅकलॅश म्हणजे दिशा बदलताना दातांमधली रिकामी चाल.

शेवटी काय केलं

पहिलं काम त्याच आठवड्यात: बेल्टच्या ड्रम शाफ्टवर बॅकस्टॉप बसवला. सायकलचं फ्रीव्हील माहितीये ना, एका दिशेला टकटक करत मोकळं, दुसऱ्या दिशेला घट्ट? तसंच. बेल्ट वर जाऊ शकतो, मागे येऊ शकत नाही. तो ड्रम शाफ्टवर बसवायचं कारण असं, की गिअरबॉक्सचे दात तुटले तरी बेल्ट धरला जातो. ज्या मशीनला दोन्ही दिशांना फिरायचं असतं तिथे बॅकस्टॉप चालत नाही, तिथे लाइट गेल्यावर आपोआप लागणारा ब्रेक असलेली मोटर घ्यायची.

दुसरं काम फुकटचं होतं. बेल्ट चालू असताना खड्ड्यात उतरायचं नाही. मेन स्विच बंद, त्याला कुलूप, आणि किल्ली जो उतरतो त्याच्या खिशात. हॉपरच्या दरवाजाखाली काम करायचं असेल तर आधी लोखंडी पिन घालायची, वर्म असला तरी. खरं तर हा नियम माझ्या शीटच्या आधीपासूनच हवा होता.

मग सहा महिन्यांनी, पैसे जमल्यावर, बेल्टला बेव्हल-प्लॅनेटरी आला. प्लॅनेटरी तर बिनधास्त मागे फिरतो, त्याच्यात धरून ठेवणारं घर्षणच नाही. म्हणजे बॅकस्टॉपशिवाय तो लावणं हे माझ्या पहिल्या चुकीपेक्षा मोठी चूक ठरली असती. मामाने या वेळी शीट उघडायच्या आधी एकच विचारलं, "लाइट गेल्यावर काय हुतंय, ते सांग पयला."

तर मंडळी, तुमच्यापैकी कुणी घरच्या वर्कशॉपसाठी, गुऱ्हाळासाठी, पिठाच्या गिरणीच्या एलिव्हेटरसाठी गिअरबॉक्स बघत असाल तर मामाचा प्रश्न पहिला विचारा. लाइट गेली तर भार कुठे जाईल आणि तिथे कोण उभं असेल? त्याचं उत्तर वेगळ्या ब्रेकने द्या, गिअरबॉक्सने नाही. मग विचारा, दिवसाला किती तास चालणार? काही मिनिटं असेल तर वर्म, शिफ्टवर शिफ्ट असेल तर प्लॅनेटरीचा हिशेब कराच. मग जागा, काटकोन की सरळ. मग किती वेळा थांबणार, उलटणार, किती नेमकं थांबायला पाहिजे. आणि शेवटी, बिघडलं तर दुरुस्त कोण करणार? दुकानदार बहुतेक वेळा फक्त रेशो आणि एचपी विचारतो. बाकीचं आपणच विचारायचं.

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही जुना कोड साफ करताना एखादी निरुपयोगी वाटणारी ओळ उडवतो आणि मग रात्री दोन वाजता कळतं ती काय काम करत होती. तिथे सर्व्हर पडतो, सकाळी परत उभा करता येतो. त्या खड्ड्यात तसं नव्हतं.

तो हेल्पर अजून तिथेच आहे. मी गेलो की चहा पाजतो आणि हसतो. मी अजून नीट हसू शकत नाही.

चला, आज इतकंच. तुमच्या कारखान्यात, शेतावर असं "मागं फिरत नसतंय" म्हणून सोडलेलं काही असेल तर उद्या जाऊन एकदा बघा. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या!